सातव्या हंसाची चिंधी

बारा हंसांपैकी सातव्याच्याच चोचीतून चिंधी लोंबत होती. बाकीचे अकरा कोरडेठाक, माना वाकवून रिकाम्या हौदाकडे बघत बसलेले. आणि ह्याच्या तोंडातून हातभर लांब, मळकट, टोकाला बर्फाचा मणी धरलेली चिंधी. "अहो, बघा तरी," बायको नवऱ्याला म्हणाली, "एकट्यालाच सर्दी झालीय बिचाऱ्याला." विहीणबाई हसल्या, मुलगी हसली, जावई मोबाइलमध्ये डोकं घालून उभा होता तोही सगळे हसतात म्हणून हसला. नवरा मात्र हसला नाही. त्याच्या कानशिलांत रक्त चढलं. राग आला, आणि कुणाचा आला ते कळायच्या आतच आला. सकाळपासून गारठलेली बोटं कोटाच्या खिशात आपोआप आवळली गेली. चिंधी आहे, त्याच्या मनात आलं. म्हणजे ती खरोखरच आहे. हौदात वाळकी पानं पडली होती, कडेच्या झाडांना माळ्यांनी गोणपाटं गुंडाळली होती, आणि सगळी बाग कशी पांघरूण घेऊन पडल्यासारखी गप्प होती. अशा वेळी त्या एका चिंधीने एवढं भडकायचं कारण कुणाला सांगून पटलं नसतं.

सकाळी निघताना दारात बुटांची गर्दी झाली होती. व्याही आणि विहीणबाई चार दिवसांसाठी आले होते, त्यांना राजवाडा दाखवायचा बेत मुलीने परस्पर ठरवला होता, आणि तो नको म्हणू शकला नव्हता. नको म्हणायला कारण द्यावं लागलं असतं. मागच्या खोलीतून अण्णांचा आवाज आला, "कुठं निघालात रे सगळे?" अण्णा, त्याचे वडील, चौऱ्याऐंशी वर्षांचे, पाय धरत नाहीत म्हणून खिडकीजवळच्या पलंगावर बसून असतात. मुलगी उत्साहाने म्हणाली, "राजवाडा बघायला, आजोबा." आतून मग अण्णा म्हणाले, "सातव्या हंसाच्या चोचीत चिंधी आहे का, तेवढं बघ." व्याहींनी मान वर करून विचारलं, "काय म्हणतायत?" आणि तो दारातूनच, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "पुरे झाली आता ती चिंधी, अण्णा. लोकांसमोर तरी नको." आतून गुडघ्यावरची शाल नीट केल्याचा तेवढा आवाज आला. बायकोने त्याच्याकडे जे बघितलं ते त्याने बघितलं नाही असं दाखवलं. पुढे गाडीत तासभर तो रस्त्यावर, सिग्नलवर, पुढच्या टेम्पोवर चिडत राहिला.

राजवाड्याच्या आत दोन तास गेले होते. बुटांवर चढवायला कापडी पिशव्या दिल्या होत्या, त्यामुळे सगळे पाय न उचलता घसरत चालत होते. व्याही निवृत्त शाळा तपासनीस, ते प्रत्येक पाटी मोठ्याने वाचत, जणू कुठे चूक सापडली तर मुख्याध्यापकाला नोटीस काढायची आहे. दरबार, आरसेमहाल, राणीची बैठक, झुंबरं, झुंबरांची वजनं. त्याला ह्यातलं काही दिसत नव्हतं. चाळीस वर्षं नळ जोडण्यात गेलेल्या माणसाला कुठल्याही घरात शिरल्यावर एकच दिसतं, पाणी कुठून येतं आणि कुठून जातं. इथे ते कुठूनच येत नव्हतं. "खोल्या किती?" त्याने गाइडला विचारलं. "एकशे चाळीस, सर." "आणि संडास?" मुलगी पुटपुटली, "बाबा, प्लीज." गाइड हसून म्हणाला, "तीन. तेही नंतर बांधलेले." "मग बाकीचे काय करायचे?" "नोकर होते ना," गाइड म्हणाला, आणि पुढच्या दालनाकडे वळला. नोकर होते ना. हे गाइडने इतक्या सहज म्हटलं, की जसं काही नोकर म्हणजे भिंतीतून काढलेला एखादा पाइप. त्या एकशे चाळीस खोल्यांपैकी एकही त्याने स्वतः लहानपणी आतून पाहिलेली नव्हती. तो अकरा वर्षांचा होईपर्यंत इथेच राहत होता, तबेल्यामागच्या दोन खोल्यांत, आणि मागच्या दाराने जात येत होता. अण्णा कारंज्याचं काम बघत. बारा हंस, चार हौद, सोळा झडपा. हे बरोबर आलेल्या कुणाला माहीत नव्हतं, बायको सोडून. आणि मुलीलासुद्धा त्याने "आजोबा पूर्वी सरकारी नोकरीत होते" इतकंच सांगून ठेवलं होतं.

आता व्याही हौदाच्या कडेने चालत सातव्या हंसापाशी पोचले होते. तिथे पितळी पाटी होती. ती असणार हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण व्याहींनी चष्मा सरळ केला तेव्हाच तिच्यावर काय असेल ते त्याला कळलं. "या हंसाची मान," व्याही शाळेतल्या आवाजात वाचू लागले, "सेवकाच्या हलगर्जीपणामुळे नळात पाणी राहून व ते गोठून दुभंगली. कुशल कारागिरांनी ती पूर्ववत केली. अरेरे! बघा म्हणजे, एका माणसाचा आळस. तीनशे वर्षांचं शिल्प." विहीणबाई म्हणाल्या, "असली माणसं ठेवतातच कशाला म्हणते मी." बायकोने त्याच्या कोपराला हात लावला. "सोडा," ती हळूच म्हणाली. त्याने कोपर सोडवून घेतलं. सोडा, काय सोडा? सोडण्यासारखं त्याच्या हातात होतं तरी काय? पितळेत खोदून ठेवलंय, दर हिवाळ्यात हजारो माणसं येऊन मोठ्याने वाचतात, आणि अरेरे म्हणतात.

तो अकरा वर्षांचा होता त्या वर्षी कुणी बडे पाहुणे यायचे होते. हिवाळा लागला की अण्णा कारंजं बंद करत, वरची टाकी रिकामी करत, खालच्या झडपा उघडून नळातलं पाणी सोडून देत, आणि मग सातव्या हंसाच्या चोचीतून एक चिंधीचा दोर आत सारत. जुन्या चादरीच्या पट्ट्या, वेणीसारख्या वळलेल्या. आई त्या वळायची, तो एक टोक पायाच्या अंगठ्यात धरून बसायचा. दोराचं एक टोक आत खोल, दुसरं बाहेर हौदात लोंबतं, आतल्यापेक्षा खाली. अण्णा म्हणत, "ह्याच्या पोटात पाणी राहतं रे. बाकीचे पितात आणि सोडतात, हा ठेवून घेतो." पाहुणे यायच्या दिवशी सकाळी व्यवस्थापक बागेतून फिरले आणि म्हणाले, ही घाण काढा. अण्णांनी काढली. संध्याकाळी परत घालीन म्हणाले. पण पाहुणे असेतो बागेत कुणी नोकराने फिरकायचं नाही असा हुकूम झाला, आणि पाहुणे दोन दिवस राहिले. तिसऱ्या दिवशी हंसाची मान दोन तुकडे होऊन हौदात पडलेली होती. चौकशी झाली. अण्णांनी चिंधीचं सांगितलं. चौकशीतला एकजण खो खो हसला म्हणे. राजवाड्याचं कारंजं आणि चिंधीवर चालतं! महिन्याभरात त्या दोन खोल्या सुटल्या. शहरातल्या दोन खोल्यांत आले तर तिथे गोष्ट आधीच पोचलेली. अण्णांना लोक चिंधी म्हणू लागले. चिंधी आला, चिंधी गेला. शाळेत पोरं त्याच्या सदऱ्याचं टोक मागून ओढत आणि विचारत, गळतंय का रे.

तेव्हा त्याने ठरवून टाकलं होतं की अण्णा विसरले. झडप उघडायला विसरले, आणि अंगाशी आल्यावर चिंधीवर खापर फोडलं. असं ठरवणं सोपं होतं, हे त्याला इथे, ह्या थंडीत, आत्ता कळत होतं. विसरणाऱ्या बापावर चिडता येतं. पण खरं बोलूनही ज्याला हाकलून दिलं त्या बापाचं अकरा वर्षांच्या मुलाने काय करायचं? आणि मग सतराव्या वर्षी तो एका फिटरच्या हाताखाली लागला. उतार शिकला. वितीला किती, हाताला किती. पाणी उताराला जातं, त्याला दुसरं काही येत नाही, एवढं त्या वर्षी त्याला पक्कं कळलं, आणि एवढं कळलं म्हणजे सगळंच कळलं असं वाटायचं ते वय. एका रविवारी जेवण झाल्यावर त्याने अण्णांपुढे वहीचा कागद ठेवला आणि पेन्सिलीने आकृती काढली. ही टाकी, हा पाइप, हा हंस, ही झडप. "सगळा उतार झडपेकडे आहे, अण्णा. झडप उघडली असती तर थेंब राहिला नसता. आता तरी कबूल करा." अण्णांनी आकृती बराच वेळ पाहिली. "कागदावर नाही राहत," ते म्हणाले. तो म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं." हे त्याने बापाला म्हटलं, आईच्या देखत, ताट अजून पुढ्यात असताना. आई उठून मोरीवर गेली. अण्णांनी त्यानंतर चिंधीचा विषय काढला नाही. चाळीस वर्षं काढला नाही, आणि आज सकाळी काढला.

हौदाच्या पलीकडून एक बाई आली. डोक्याला मफलर, अंगावर दोन स्वेटर, त्यावर बागेच्या कामगारांचा खाकी कोट, हातात पत्र्याची बादली. तिने सातव्या हंसापाशी गुडघे टेकले, चिंधीच्या टोकाचा बर्फ दोन बोटांत मोडला, आणि चिंधी पिळली. हौदाच्या दगडावर चार थेंब पडले. तो तिच्याजवळ गेला. आपण काय विचारणार आहोत हे त्याला ठाऊक होतं, आणि विचारू नये असं वाटत होतं.

"बाई, हे कशाला?"

"पाणी ओढायला, दादा. ह्याचा पाइप मधेच बसलाय, हौदाच्या पायरीखाली. झडप उघडली तरी पोटातलं पाणी निघत नाही."

"बदलत का नाहीत?"

"बदलला होता म्हणतात, मान तुटली तेव्हा. पण खालची जमीनच खचलेली, नवा घातला तोही बसला. आता परत बदलायचा तर संगमरवर फोडायला लागतो. कोण फोडू देणार?" ती चिंधी परत सारखी करू लागली. "मला माझ्या आधीच्या मुकादमाने दाखवलं. त्याला त्याच्या आधीच्याने. कुणा जुन्या माणसाची युक्ती आहे. डोकेबाज असणार."

"नाव काय त्याचं?"

"नाव कुणाला माहीत. आम्ही आपलं म्हातारबांची चिंधी म्हणतो."

मग पाटीवर हे का नाही? हे तो बोलला की नुसतं मनात आलं, त्याला कळलं नाही. बाईने वर पाहिलं तेव्हा कळलं की बोलला, आणि बराच मोठ्याने. "पाट्या ऑफिसात करतात," ती म्हणाली, "चिंध्या आम्ही." तिने बादली उचलली आणि ती आठव्या हंसाकडे पानं वेचायला गेली. तो तिथेच उभा राहिला. पायरीखाली. बसलेला पाइप. ह्या चाळीस वर्षांत त्याने किती बसलेले पाइप काढले असतील? शेकडो. जमीन खचते, पाइपाला मधे पोट येतं, पोटात पाणी राहतं. हे तो स्वतःच्या हाताखालच्या पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवत आला. गिऱ्हाइकांना सांगत आला, बाई, उतार बरोबर आहे पण जमीन बसलीय. हजार घरांत हे त्याला सुचलं आणि एका ठिकाणी सुचलं नाही. सुचलं नाही की सुचू दिलं नाही? अंगण वाकडंच होतं. अण्णांनी त्याला हे त्यांच्या भाषेत सांगितलं होतं, त्याला पेन्सिलही धरता येत नव्हती तेव्हापासून सांगितलं होतं: ह्याच्या पोटात पाणी राहतं रे. व्यवस्थापकाला कारंज्यातलं काही कळत नव्हतं, चौकशीवाल्यांना कळत नव्हतं. त्यांना शिव्या देता येतात. पण फिटर होता तो. त्या घरात कळू शकणारा एकच माणूस होता, आणि त्यानेच कागद पुढे सरकवून कबूल करा म्हटलं. त्याचा राग आता इतका वाढला की तो कुठे टाकावा ते सापडेना.

ते लगेच सापडलं, कारण तेवढ्यात एक नवरानवरी आणि त्यांचा फोटोग्राफर हौदापाशी आले. नवरी कुडकुडत होती, नवऱ्याने आपला कोट तिच्या खांद्यावर टाकला होता आणि फोटोसाठी परत काढून घेतला होता. फोटोग्राफरने कॅमेऱ्यातून पाहिलं, तोंड वाकडं केलं, सातव्या हंसाकडे गेला आणि चिंधीला हात घातला. ती आणखी हातभर बाहेर आली. ते बघून तो धावला. ह्या वयात, बर्फाळ दगडांवरून, दोनदा घसरत. त्याने फोटोग्राफरचं मनगट धरलं.

"हात काढ."

"काका, फक्त दोन मिनिटं. फोटो झाला की परत कोंबतो."

"मी म्हटलं, हात काढ. परत घालीन म्हणूनच घोटाळा झाला होता."

"अहो, पण किती घाण दिसतंय ते."

"घाण?" तो म्हणाला, आणि त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना. "तुझ्या बापाने वळलीय का? मग घाण म्हणायचं नाही. ही होती म्हणून ही मान जागेवर आहे. काढली तेव्हा तुटली. तुम्हीच काढायला लावली आणि तुम्हीच पाटी लावली. नोकर होते ना. नोकर होते, म्हणून काय वाटेल ते लिहायचं?" फोटोग्राफर हात सोडवून मागे सरकला. नवरी घाबरून नवऱ्याच्या दंडाला धरून उभी होती, त्या दोघांनी ना काही काढायला लावलं होतं, ना काही लिहिलं होतं. लोक जमले. मुलगी कळवळून म्हणाली, "बाबा, काय चाललंय हे?" जावयाने मोबाइल खिशात घातला, एवढी गोष्ट गंभीर होती. व्याही पुढे झाले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "अहो, जाऊ द्या. एका निष्काळजी नोकरासाठी तुम्ही कशाला आपलं रक्त आटवताय?"

"माझे वडील होते ते," तो म्हणाला.

हे ऐकायला त्याने स्वतःही सेहेचाळीस वर्षं लावली होती. व्याहींचा चष्मा नाकावर घसरला, तो त्यांनी वर केला नाही. विहीणबाई पाटीकडे आणि मग जमिनीकडे बघू लागल्या. त्याला वाटलं होतं की एवढं बोललं की राग उतरेल. उतरला नाही. तो गुडघ्यांवर बसला, चिंधीचं ओलं टोक हातात घेतलं आणि दोर चोचीतून आत सारू लागला, हळूहळू पीळ देत, अण्णा देत तसा. कुठवर सारायचा ते हाताला कळलं. आत एका ठिकाणी दोर जड झाला, पाण्याला लागला. बोटं बधिर झाली होती तरी ते नेमकं कळलं. पायरीखाली, तिसऱ्या पायरीखाली. खाली लोंबणाऱ्या टोकाला थोड्या वेळाने एक थेंब आला. तो पडेपर्यंत तो तिथून उठला नाही.

परतताना गाडीत मुलीने एकदाच विचारलं, "आम्हाला कधी सांगितलं का नाही?" आणि तो म्हणाला, "लाज वाटत होती," आणि बायको खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "कुणाची, ते आता सांगा." व्याहींनी घसा साफ करून ऑफिसला पाटीबद्दल एक अर्ज लिहून देण्याची तयारी दाखवली. अर्ज उत्तम लिहितो, असंही सांगितलं. माणूस वाईट नव्हता.

अण्णा खिडकीजवळ तसेच बसले होते. उन्हं उतरली होती, पण दिवा लावायची वेळ झाली नव्हती. तो दारात उभा राहिला. वाटेत त्याने वाक्यं जुळवली होती, पण त्याआधी अण्णांनीच विचारलं, "होती का?"

"होती."

"सुती आहे ना? नायलॉनची असली तर पाणी ओढत नाही."

"सुती आहे. जुन्या चादरीची."

"मग ठीक," अण्णा म्हणाले आणि परत खिडकीकडे वळले. एवढंच. त्यांनी चिडावं, शिव्या घालाव्यात, इतकी वर्षं तोंड का शिवलं होतं ते सांगावं. तो वाट बघत राहिला. त्याला त्यांच्या ह्या ठीक म्हणण्याचाही राग आला. मग तो बाहेर गेला आणि मुलीच्या टेबलावरून एक कागद आणि पेन्सिल घेऊन आला. पलंगाच्या कडेला बसला, मांडीवर मासिक ठेवून त्यावर कागद धरला. टाकी काढली, झडप काढली, हंस काढला, हंस बदकासारखा झाला. मग पाइप. त्याने रेघ उतारावरून नेली, पायऱ्यांखाली आणली, आणि मधेच खाली वाकवून पोट काढलं. पोटात आडव्या रेघा मारल्या, पाण्याच्या.

अण्णांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "कितवी पायरी?"

"तिसरी."

"बरोबर आहे," ते म्हणाले. बराच वेळ ते त्या वाकड्या रेघेवरून अंगठा फिरवत राहिले. त्यांच्या अंगठ्याचं नख जाड, पिवळं झालं होतं, आणि त्या नखाखाली पेन्सिल पुसट होत गेली. "अगदी बरोबर आहे," ते पुन्हा म्हणाले, आणि मग त्याच्याकडे न बघता, आवाज न चढवता, "ही त्या रविवारी काढायची होतीस," असं म्हणाले. आई तेव्हा होती, हे त्यांनी म्हटलं नाही. कागदाची त्यांनी चार घड्या घातल्या, उशीखाली ठेवला, आणि सुनेला हाक मारून चहा मागितला.